७८ चा स्पीड असला म्हणजे झालं?
“टर्नटेबलवर ७८ चा स्पीड आहे ना, मग आजोबांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्याही त्यावरच कॉम्प्युटरवर घ्या,” हा सल्ला पुण्यात जुन्या बाजारापासून घरच्या बैठकीपर्यंत सर्रास मिळतो. अर्धवट आहे तो. ७८ म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, जुन्या तबकड्यांचा वेग. तो स्पीड जुळला तरी सुई जुळत नाही. एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या बारीक खाचेच्या तबकडीच्या, सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ७८ च्या रुंद खाचेला ७० च्या आसपासची लागते. बारीक सुई तळाशी साठलेल्या धुळीत लोळते आणि खरखरच उचलते. गाणं असतं ते खाचेच्या भिंतींवर. तेव्हा महागड्या साउंड कार्डाआधी ७८ ची सुई मिळणारं कार्ट्रिज, म्हणजे सुई जिला बसते ती डबी, बघा. प्रीअँपमधलं (टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रातलं) आरआयएए करेक्शन, म्हणजे तबकडीवर बदलून कोरलेला खर्ज-तारस्वर पूर्ववत करण्याचं ठरीव प्रमाण, १९५४ नंतर रूढ झालेलं, तेही या तबकड्यांना चपखल बसत नाही. पण ते नंतर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारता येतं, आणि हे सॉफ्टवेअर फुकट आहे.