पंचकार्ड

ठरावीक जागी भोके पाडून माहिती नोंदवलेला जाड, गुळगुळीत कागदाचा तुकडा. या जागी भोक आहे की नाही, एवढेच यंत्राने ओळखायचे. विसाव्या शतकात कित्येक दशके संगणकाला आकडे आणि प्रोग्रॅम पुरवले गेले ते मुख्यतः याच कार्डांतून.

मूळ युक्ती विणकामातली. फ्रान्समधील ल्यों शहराच्या जोझेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास असा माग केला, की कार्डांच्या माळेतील भोकांप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जात. नक्षी बदलायची तर फक्त माळ बदलायची. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डे योजली होती. ते यंत्र मात्र कधी पुरे झाले नाही.

मोजदादीच्या कामी कार्ड आणले हर्मन हॉलरिथ यांनी. अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेचे आकडे लावता लावता सात-आठ वर्षे गेली होती. तिकीट भलत्याने वापरू नये म्हणून रेल्वेचा कंडक्टर प्रवाशाच्या केसांच्या, डोळ्यांच्या खुणा तिकिटावर टोचून ठेवी. त्यावरून आपल्याला हे सुचले, असे हॉलरिथ सांगत. १८९० च्या जनगणनेत माणशी एक कार्ड होते. त्यावर सुयांचा साचा दाबला, की भोकातून पार गेलेली सुई खालच्या वाटीतल्या पाऱ्यात बुडे, वीजप्रवाह जुळे आणि तबकडीचा काटा एक घर सरके. सव्वासहा कोटींहून अधिक माणसे अशी मोजली गेली. हॉलरिथ यांची कंपनी १९११ मध्ये दुसऱ्या कंपन्यांत मिसळली. त्या एकत्रित कंपनीचे १९२४ मधले नवे नाव आयबीएम.

१९२८ मध्ये आयबीएमने गोल भोकांऐवजी उभी, चौकोनी भोके आणली. तेवढ्याच कार्डावर ४५ च्या जागी ८० रकाने मावू लागले, एका रकान्यात एक अक्षर. प्रोग्रॅमची एक ओळ म्हणजे एक कार्ड, त्यामुळे गठ्ठा हातातून निसटला की प्रोग्रॅम अक्षरशः जमिनीवर! म्हणून बरेच जण शेवटचे आठ रकाने अनुक्रमांकाला ठेवत आणि गठ्ठ्याच्या कडेवर तिरकी रेघ ओढत. रेघ तुटकी दिसली, की कार्ड इकडचे तिकडे झालेले. उलटे लागलेले कार्ड त्याच्या कापलेल्या कोपऱ्यावरून उमगे.

चुंबकीय फिती आणि पडदे आल्यावर कार्डे मागे पडली. पडद्यावरची ओळ मात्र बहुधा ८० अक्षरांचीच राहिली. २००० मध्ये फ्लोरिडातील अध्यक्षीय मतमोजणीत कार्ड पुन्हा गाजले. भोक पाडताना सुटणारी टिकली काही मतपत्रिकांवर अर्धवट लटकत राहिली, आणि अशी टिकली मत धरायची का, यावर तेथे रण माजले. अधिकृत फरक ५३७ मतांचा होता.