सपाट छर्रा की गोल डोक्याचा? आखूड नळीच्या एअर रायफलसाठी निवड

इंदुरात दुकानात जाऊन नुसतं “4.5 चे छर्रे द्या” म्हटलं, तर हातात कुठला डबा पडेल याचा नेम नाही. एका प्रकारात डोकं कापल्यासारखं सपाट असतं, दुसऱ्यात घुमटासारखं गोल. व्यास तोच, वजनही जवळपास तेच, आणि दोन्ही एकाच नळीत बसतात. त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी चालेल असं वाटतं. 10 मीटरवर बऱ्याचदा चालतंही. पण 30 मीटरवर अजिबात चालत नाही.

सपाट छर्रा स्पर्धेच्या कागदी टार्गेटसाठी घडवलेला असतो. कागदातून जाताना तो गोल, स्वच्छ भोक कापतो आणि गुण वाचता येतात. गोल डोक्याचा छर्रा कागद फाडत जातो. फाटलेल्या कडा मागे सरकतात, भोक 4.5 मिमीपेक्षा लहान दिसतं आणि ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका, उगाच घट्ट भासतो. म्हणून दोघांची तुलना कागदावर करायची असेल, तर भोकाच्या कडेभोवती उमटलेल्या शिशाच्या करड्या कड्याच्या बाहेरून मापा. दोन टोकांमधल्या मापातून 4.5 मिमी वजा केले की मध्य ते मध्य अंतर मिळतं.

खरा फरक हवेत पडतो. सपाट तोंडाला हवेचा विरोध जास्त, त्यामुळे वेग लवकर घटतो आणि साधारण 25 मीटरच्या पुढे छर्रा डोलू लागतो. 10 मीटरवर चांगला दिसलेला ग्रुप 35 मीटरवर एकाएकी पसरतो आणि नेमबाज बिचारा दुर्बिणीचे स्क्रू तपासत बसतो. गोल डोक्याचा छर्रा वेग टिकवतो, वाऱ्यातही कमी सरकतो. महूच्या बाजूला शेतात, मागे मातीचा भक्कम बंधारा असलेल्या जागी 30-40 मीटरवर टार्गेट लावणार असाल, तर सपाट डबा घेऊच नका.

आता आखूड नळी. नळी आखूड म्हणजे नेम कमी, हा समज चुकीचा आहे. 10 मीटर स्पर्धेच्या रायफलींची नळीही साधारण 42 सेंमीचीच असते. पुढे लांब दिसते ती बहुतेक वेळा साइटसाठी, म्हणजे नेम धरायच्या साधनासाठी, जोडलेली पोकळ नळी. स्प्रिंगच्या रायफलीत छर्ऱ्याला मिळणारा बहुतेक धक्का नळीच्या सुरुवातीच्या भागातच संपतो. दाबाच्या हवेवर चालणाऱ्या पीसीपीत मात्र नळी आखडली की ऊर्जा घटते, शिवाय छर्रा बाहेर पडताना मागे उरलेल्या हवेचा दाब जास्त असतो. ही हवा छर्ऱ्याच्या घागऱ्यावर, म्हणजे मागच्या पोकळ भागावर, आदळते. घागरा एका बाजूला चेपलेला असेल किंवा नळीच्या तोंडाची कड कुठे टवकलेली असेल, तर छर्रा निघतानाच तिरका होतो. म्हणून आखूड नळीच्या पीसीपीत छर्ऱ्याच्या वजनाआधी घागरा आणि नळीचं तोंड बघावं. डबा पडला असेल तर आतले चेपलेले छर्रे निवडून काढा. ते सरावालाही वापरू नका, चुकीच्या सवयीला निमित्त मिळतं.

वजनाचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. स्पर्धेचा रायफल छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा असतो आणि वेग सेकंदाला 170 मीटरच्या आसपास. 10 मीटरवर तो सुमारे 17 मिमी खाली येतो. एखादा छर्रा 0.01 ग्रॅमने जड निघाला, तर ऊर्जा तीच धरून फरक पडतो साधारण 0.3 मिमीचा. रायफल टार्गेटवर दोन वर्तुळांमध्ये 2.5 मिमी अंतर असतं, म्हणजे दशांश गुणांत हा फरक जेमतेम 0.1. सराफ्यात मिलिग्रॅम दाखवणारा काटा मिळेल, पण 10 मीटरच्या नवशिक्याने त्यावर पैसे घालवू नयेत. 35 मीटरवर गणित बदलतं. सेकंदाला 240 मीटर वेगाने निघणाऱ्या छर्ऱ्याच्या वेगात 3 मीटरचा चढउतार झाला, तर उंचीत साधारण 3 मिमी फरक पडतो. तिथे वजन करून वेगळे काढलेले छर्रे उपयोगी पडतात.

याहून महत्त्वाचं आहे डोक्याचं माप. चांगल्या डब्यांवर 4.49, 4.50, 4.51 किंवा 4.52 असा आकडा छापलेला असतो. अंगठ्याच्या हलक्या दाबाने छर्रा बसावा. आपोआप घरंगळत आत गेला तर सैल, नख लावून ढकलावा लागला तर घट्ट. पण अंगठ्याचा अंदाज ही फक्त पहिली चाळणी, निकाल ग्रुपच देतो.

चाचणी अशी करा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर किंवा शिकंजात घट्ट बसवा. नवा छर्रा सुरू केला की आधी 20-30 सोडून द्या, कारण नळीत मागच्या छर्ऱ्याचं शिसं असतं. मग प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्ऱ्यांचे तीन ग्रुप घ्या. पाचाचा ग्रुप फसवतो, सहावा छर्रा बाहेर जाईल की नाही हे तो सांगत नाही. चांगल्या स्पर्धा-रायफलीत जुळलेला सपाट छर्रा दहांचं भोक बाहेरून बाहेर 6-7 मिमीत ठेवतो. ग्रुप घट्ट पण केंद्राबाहेर असेल तर छर्रा बदलू नका, साइट फिरवा. हीच गल्लत सर्वांत जास्त होते.

पीसीपीला 0.45 ग्रॅमसारखा हलका छर्रा देऊन वेग वाढवायचा मोह होतो. भारतात 4.5 मिमी आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. या मर्यादेवर हा छर्रा सेकंदाला 298 मीटर गाठेल, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या बराच जवळ. तिथे छर्रा अस्थिर होतो, आणि सपाट डोक्याचा तर आणखीच. त्याच ऊर्जेत 0.53 ग्रॅमचा 275 वर राहतो. जड घ्या.

जुळलेला डबा सापडला की झाकणावरचा बॅच क्रमांक लिहून घ्या आणि त्याच बॅचचे डबे एकदम आणा. त्याच नावाच्या पुढच्या बॅचचा छर्रा वेगळा वागू शकतो. पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटी धरते, म्हणून झाकण घट्ट ठेवा. छर्रे तोंडात धरू नका, सराव संपला की जेवणाआधी हात साबणाने धुवा.