विहिरीत पट्टीचा पोहणारा समुद्रात का फसतो?

आमच्या केज तालुक्यात पोरगं सहा-सात वर्षांचं झालं की पाठीला वाळला भोपळा नाहीतर पांगऱ्याचं लाकूड बांधून त्याला विहिरीत सोडतात. पंधरा दिवसांत ते काठावरून मुटके मारायला लागतं. माझा मावसभाऊ असाच शिकला. विहिरीच्या तळाची माती मुठीत घेऊन वर यायचा. बांधकामाच्या कामासाठी तो अलिबागकडे गेला, तिसऱ्याच रविवारी समुद्रात उतरला आणि कमरेएवढ्या पाण्यातून आत ओढला गेला. कोळ्यांची होडी जवळ होती म्हणून वाचला. एवढ्या पट्टीच्या पोहणाऱ्याचं असं झालंच कसं, हे गावात कुणाला कळेना.

विहिरीतलं पाणी जागचं हलत नाही. तिथं भीती फक्त खोलीची. समुद्रात ओढ असते, आणि ही ओढ ज्यानं रात्री लाइट आल्यावर रानात दारं धरली आहेत, म्हणजे एकेका वाफ्यात पाणी वळवलं आहे, त्याला चटकन कळते. वाफा तुडुंब भरला की पाणी बांधावर चढतं आणि बांध जिथं खचलेला असेल तिथं खांड पाडून निघतं. बाकी वाफ्यात पाणी संथ, पण खांडीत माती टिकत नाही.

किनाऱ्यावर हेच घडतं. लाटा एकामागून एक पाणी आणून टाकतात. थोडं आत वाळूचा बुडालेला उंचवटा असतो, तो बांध समजा. साचलेलं पाणी परत जाताना त्यातली सखल जागा गाठतं आणि तिथून धार लागते. तिचा वेग बहुतेक वेळा सेकंदाला अर्धा ते एक मीटर असतो, कधीकधी दोन मीटरच्याही वर जातो. बहुतेक पोहणारे सेकंदाला एक मीटरचा वेग फार वेळ टिकवू शकत नाहीत. म्हणजे धार जोरात असली तर काठाकडे तोंड करून कितीही हात मारले तरी माणूस आतच जातो आणि दमून बुडतो.

खरा घात पुढं आहे. खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. खांडीत खोली जास्त, म्हणून तिथं लाटा फारशा फुटत नाहीत. दोन्हीकडे पांढरा फेस आणि मधे गडद, शांत पट्टा. विहिरीची सवय असलेल्या डोळ्याला नेमका तोच पट्टा पोहायला चांगला वाटतो.

गेल्या दसऱ्यानंतर कामाला निघालेल्या आठ-दहा जणांना मी रानात नेलं. वाफा भरला, खांड पाडली, पाण्यात काडी सोडली. काडी सुसाट खांडीतून गेली आणि बांधापलीकडं पाणी पसरलं तिथं रेंगाळली. बुडाली नाही. समुद्रातली धारही माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते, आणि उंचवट्यापलीकडं तिचा जोर ओसरतो. म्हणून तिच्याशी झुंजायचं नाही. उताणं तरंगायचं, हात वर करून ओरडायचं. अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून धारेतून बाजूला व्हायचं आणि मग फुटत्या लाटांबरोबर काठाला यायचं.

वाचवायला उडी मारणारा अनेकदा स्वतःच जातो. त्यापेक्षा झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन फेकावा. तो पाण्यात पाचेक किलोचा भार तोलतो, तोंड पाण्यावर ठेवायला तेवढं पुरतं. आपल्या भोपळ्याचं कामही तेच होतं.

सोबतच्या बायांनी विचारलं, आम्ही तर नुसते पाय भिजवतो, आम्हाला काय धोका? पायाखालची वाळू लाटेबरोबर सरकते, भिजलेलं लुगडं पायांत गुरफटतं आणि हात धरून उभी असलेली सगळी रांग एकदम पडते. गुडघ्याच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही, एवढं मी त्यांना परतपरत सांगितलं.

भरतीची वेळ काढायला आपलं कॅलेंडर पुरतं. कोकणातली जुनी रीत अशी : तिथीची पाऊणपट करा. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती पूर्ण. हा अंदाज आहे, तासाभराचा फरक पडू शकतो. त्यानंतर सहाएक तास ओहोटी. पाणी उतरलं की उंचवट्यावरून वाट उरत नाही, सगळं परतीचं पाणी खांडीतूनच जातं आणि ओढ वाढते. मावसभाऊ पुन्हा अलिबागला गेला आहे. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, “आज तिथी कोणती रे?”