मतदारयादी, कार्ड आणि कॅमेरा: लेखिका-दिग्दर्शिकांच्या समतेच्या मागणीची पार्श्वभूमी

लेखिका आणि स्त्री दिग्दर्शकांच्या प्रभावाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा मोठ्या नावांच्या यादीने सुरू होते आणि त्याच यादीपाशी थांबते. कोणी काय लिहिलं, कोणाला कोणता पुरस्कार मिळाला, हे वाचकांना ठाऊक आहे. इथे भर आहे तो नियमांवर: मतदार कोण, सभासद कोण, निवड कोणी करायची. समतेची मागणी जास्तीत जास्त वेळा याच ठिकाणी अडली.

समतेचा युक्तिवाद जुनाच आहे. १८८२ साली बुलढाण्यातल्या एका बाईने पुण्यात छापून घेतलेल्या छोट्या पुस्तकात तो जवळजवळ पूर्ण मांडला होता. निमित्त होतं सुरतेतल्या एका विधवेवरच्या बालहत्येच्या खटल्याचं. त्यावरून वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर ताशेरे ओढले जाऊ लागले, तेव्हा बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत किती भरलेला आहे हे तिने सडेतोड दाखवलं. तिच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले ते पुण्याचे एक सत्यशोधक विचारवंत. ते पुस्तक पुन्हा छापून वाचकांपुढे आलं १९७५ साली. मधली ९३ वर्षं ते जवळपास विस्मरणात होतं. १९३३ मध्ये शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं एका लेखिकेने कथांतून मांडलं, ते टोपणनावाने. कथांइतकीच चर्चा झाली ती लिहिणारी व्यक्ती कोण याची.

पण या सगळ्यापेक्षा अधिक बोलका आहे तो साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा इतिहास, आणि त्यावर थोडं थांबायलाच हवं.

पहिलं संमेलन १८७८ साली पुण्यात झालं. पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली १९६१ मध्ये, ग्वाल्हेरला. त्यानंतर १९७५ मध्ये कराडला. आणीबाणीच्या काळातल्या त्या संमेलनात अध्यक्षांनी लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न उघडपणे मांडला आणि पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. मग थेट १९९६ मध्ये आळंदी, २००१ मध्ये इंदूर. म्हणजे पहिल्या ९१ संमेलनांत स्त्री अध्यक्ष चारच. याच काळात मराठी कविता, कथा, समीक्षा आणि लोकसाहित्याचा अभ्यास यांत बायकांनी केलेलं काम पाहिलं, तर गुणवत्ता कमी पडली असं म्हणण्याची सोय उरत नाही.

अडचण पद्धतीत होती. कित्येक दशकं अध्यक्ष निवडणुकीने ठरायचा. मतदार हजाराच्या आसपास: संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाच्या घटक आणि संलग्न संस्थांचे प्रतिनिधी, शिवाय यजमान संस्थेच्या वाट्याची मतं. निवडून यायचं तर पत्रं पाठवायची, गावोगाव भेटी घ्यायच्या, फोन करायचे, कोणता गट कोणाच्या पाठीशी आहे याचा अंदाज ठेवायचा. हे सगळं करायला वेळ, पैसा आणि साहित्यसंस्थांतला जुना वावर लागतो. संस्थांच्या कार्यकारिणींत बायका मोजक्याच असल्याने हा वावर त्यांच्या वाट्याला येत नसे. १९९२ च्या कोल्हापूर संमेलनाच्या निवडणुकीत मराठीतल्या एका श्रेष्ठ कवयित्रीचा पराभव झाला. तो अनेकांना इतका लागला की निवडणूक नको म्हणणारे आजही पहिला दाखला तोच देतात. त्यानंतर कित्येक लेखिकांनी उभं राहण्याचा विचारच केला नाही, यात नवल ते काय?

२०१८ मध्ये महामंडळाच्या घटनेत दुरुस्ती होऊन निवडणूक गेली आणि सन्मानाने निवड करण्याची पद्धत आली. घटक संस्थांनी नावं सुचवायची आणि बैठकीत चर्चा करून एक नाव ठरवायचं. या पद्धतीने निवडल्या गेलेल्या पहिल्या अध्यक्ष एक कवयित्री आणि संशोधक होत्या.

या निर्णयावर टीका झाली आणि ती अजून शमलेली नाही. टीकाकारांचं म्हणणं असं, की हजार मतदारांचा अधिकार मूठभर पदाधिकाऱ्यांच्या हाती गेला. बंद खोलीत काय बोलणं झालं, कोणतं नाव का मागे पडलं, हे बाहेर कळत नाही. आक्षेपात तथ्य आहे. तरीही आकडे पाहावे लागतात: ९२ व्या ते ९८ व्या या सात संमेलनांत दोन स्त्री अध्यक्ष झाल्या, दुसऱ्या २०२५ मध्ये दिल्लीत. आधीच्या ९१ मध्ये चार, नंतरच्या सातांत दोन. आणि हेही खरं, की त्या दोघींच्या मध्ये सलग पाच पुरुष अध्यक्ष आले. बैठकीत बसणारे तेच राहिले तर नवी पद्धतही जुन्या वळणावर जाऊ शकते. मतदारांच्या यादीत बायका किती, हा प्रश्न निवडणुकीच्या काळातच लावून धरायला हवा होता. तो पुरेशा जोराने कोणी लावून धरला नाही.

याच पद्धतीतलं पहिलं संमेलन, जानेवारी २०१९ चं यवतमाळचं, दुसऱ्याच कारणाने गाजलं. उद्घाटनासाठी बोलावलेल्या ज्येष्ठ इंग्रजी लेखिकेचं निमंत्रण ऐनवेळी मागे घेतलं गेलं. कारण पुढे केलं गेलं ते विरोधाच्या इशाऱ्याचं. त्यांचं भाषण आधीच लिहून तयार होतं आणि त्यात आविष्कारस्वातंत्र्याबद्दल रोखठोक मजकूर होता. अनेक निमंत्रितांनी पाठ फिरवली, महामंडळाच्या अध्यक्षांनी पद सोडलं आणि नव्या संमेलनाध्यक्षांनी व्यासपीठावरूनच नापसंती नोंदवली. उद्घाटन झालं ते आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते. तिचं बोलणं सभागृहाला हलवून गेलं. पण एका बाईला मान दिला म्हणून दुसरीचा आवाज बंद केल्याचं समर्थन होत नाही.

चित्रपटाच्या बाजूने पाहिलं तर सुरुवात याहून अवघड होती. १९१३ मध्ये पहिल्या भारतीय कथापटात राणीची भूमिका पुरुषाने केली, कारण बाई मिळाली नाही. त्याच वर्षी एक मराठी आई आणि तिची मुलगी पडद्यावर आल्या. १९२६ मध्ये मुंबईत एका अभिनेत्रीने स्वतःची कंपनी काढून चित्रपट दिग्दर्शित केला. १९८५ मध्ये पुण्यातल्या एका समाजशास्त्राच्या अभ्यासक बाई वेगळ्याच वाटेने इथे पोचल्या. झोपडपट्टीतल्या बायकांवर केलेलं संशोधन त्याच बायकांपर्यंत परत कसं न्यायचं, असा त्यांच्यापुढे पेच होता, कारण अहवाल त्यांना वाचता येणार नव्हता. म्हणून त्यांनी लघुपट केला. चित्रपटाचं शिक्षण नव्हतं, पण त्यातून पुढे मराठी चित्रपटातलं एक मोठं काम उभं राहिलं.

दिग्दर्शनाला निदान लेखी बंदी नव्हती. मेकअपला होती. मुंबईतल्या चित्रपट कामगारांच्या संघटनेच्या नियमानुसार मेकअप आर्टिस्टचं सभासदत्वाचं कार्ड फक्त पुरुषांना मिळे. बायकांनी केशरचना करायची. कार्डाशिवाय सेटवर काम केलं की दंड, वादावादी आणि शूटिंग थांबण्याची भीती. २००९ मध्ये अर्ज फेटाळला गेलेल्या एका प्रशिक्षित तरुणीने दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला. तोवर तो पन्नासहून अधिक वर्षं चालू होता.

त्यानंतरचा टप्पा केरळमधला. २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवरच्या अत्याचारानंतर तिथल्या चित्रपटसृष्टीतल्या बायका एकत्र आल्या आणि त्यांच्या मागणीवरून राज्य सरकारने निवृत्त न्यायाधीश बाईंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल सादर झाला. लोकांसमोर आला तो ऑगस्ट २०२४ मध्ये, काही भाग वगळून. लैंगिक छळाच्या तक्रारींबरोबर त्यात सेटवर स्वच्छतागृह नसणं, कपडे बदलायला जागा नसणं आणि लेखी करार न होणं, हेही नोंदवलेलं आहे.