पार्श्वभूमी : वाळीत टाकायचा अधिकार कोणाचा?

सामाजिक बहिष्कारावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रात 3 जुलै 2017 पासून लागू आहे. तरीही जातपंचायतीची बातमी छापून आली की ‘आजच्या काळातही?’ हा प्रश्न ठरलेला असतो. पुण्याने तरी तो विचारू नये. इथल्या पेठांमधल्या चांगल्या शिकल्यासवरल्या घरांनी ही शिक्षा भोगली आहे, आणि त्यांच्याच भाऊबंदांनी ती दिली आहे.

आधी एका शब्दाबद्दल. ‘घटस्फोट’ म्हटले की आज आपल्याला कौटुंबिक न्यायालय आठवते. धर्मशास्त्रात तो जातीबाहेर काढण्याचा विधी होता. मनुस्मृतीच्या 11व्या अध्यायात त्याचे वर्णन आहे : पाण्याने भरलेला घडा दासीने पायाने लवंडायचा, जसा मेलेल्या माणसासाठी लवंडतात तसा, आणि नातेवाइकांनी सुतक पाळायचे. माणूस जिवंत, पण घरच्यांच्या लेखी गेलेला. प्रायश्चित्त घेतले की त्याच्यासोबत स्नान करून नवा घडा पाण्यात सोडायचा. म्हणजे परतीची वाटही त्याच विधीत ठेवलेली होती, आणि पुढच्या सगळ्या भांडणांचे मूळ या परतीच्या वाटेत आहे. कोणी, किती आणि कोणापुढे वाकल्यावर आत घ्यायचे?

‘ग्रामण्य’ हा दुसरा शब्द जास्तच गुंत्याचा. जुन्या लिखाणात तो कधी जातीच्या अधिकारावरून झालेल्या तंट्यासाठी येतो, कधी त्या तंट्याच्या चौकशीसाठी, तर कधी थेट बहिष्कारासाठी. एका जातीने दुसरीचा वेदोक्ताचा, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करण्याचा अधिकार नाकारला तरी ग्रामण्य, आणि शेजारच्या घरातल्या मुलाने परधर्मीयाच्या हातचे खाल्ले तरी ग्रामण्यच. त्यामुळे ‘अमक्या साली ग्रामण्य झाले’ एवढ्या नोंदीवरून काय झाले ते कळत नाही. पंक्तीतून कोण उठला, हे शोधावे लागते.

पेशवाईत असे तंटे शेवटी हुजुरापर्यंत जात. शास्त्री निर्णय देत, पण मागे दरबाराचा शिक्का असे. 1818 ला तो शिक्का गेला. नव्या राजवटीने 1827 च्या रेग्युलेशनमध्ये जातीच्या प्रश्नात दिवाणी न्यायालयांनी पडू नये असे ठरवले. 1850 च्या कायद्याने जात गेली म्हणून वारसा जाणार नाही, एवढी हमी दिली. घर वाचले, पंगत नाही. आणि पंगत सरकारच्या हातात नसल्याने तिचा अधिकार मठाकडे आणि ब्रह्मवृंदाकडे मोकळा राहिला. इंग्रजी राज्यात जातीचा धाक सैल झाला, असे आपण सहज धरून चालतो. माझ्या मते काही बाबतींत तो घट्ट झाला, कारण वर दाद मागायला कोणी उरले नाही.

विधवाविवाहाला कायद्याने 1856 मध्येच परवानगी दिली होती. तरी 1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर त्यावर शास्त्रार्थ झाला आणि कौल विरोधात गेला. कायदा झाला होता, पण लग्न लावायला भट कुठून आणायचा, हा प्रश्न कायद्याने सुटत नव्हता.

आता चहा. गुरुवार पेठेत पंचहौदाच्या चर्चचा उंच मनोरा आजही लांबून दिसतो. ऑक्टोबर 1890 मध्ये तिथल्या मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली. त्यात न्यायखात्यातले अधिकारी होते, संपादक होते, प्राध्यापक होते. चहा-बिस्किटे फिरली. कोणी प्यायले, कोणी कप ओठाला लावून ठेवला, कोणी यजमानांचा मान राखायला नुसता हातात धरला. घरी येऊन बहुतेक जण विसरलेही असतील. पण शहरातल्या एका वृत्तपत्रात हजर राहिलेल्यांची नावे छापून आली, चाळीसपेक्षा जास्त, आणि परधर्मीयांच्या हातचा चहा घेतल्याचे हे प्रकरण शंकराचार्यांच्या पीठाकडे गेले. चौकशीला शास्त्री नेमले गेले.

या प्रकरणाकडे आज हसून पाहिले जाते : काय तो चहा, काय ती भांडणे! पण कप बाजूला ठेवून पाहा. ज्याच्यावर बहिष्कार, त्याच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण येत नाही. मुंज अडते, आचारी मिळत नाही. सासरी गेलेल्या लेकीला माहेरी पाठवत नाहीत, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर बोलायलाच नको. कप धरणारे पुरुष होते. ताट वाढलेल्या पाटावर कोणी न येण्याची झळ बसली ती स्वयंपाकघराला. ग्रामण्याच्या कहाण्या सांगताना हा भाग बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो.

वाद मग पातकाच्या मापावर आला. प्यायलेला आणि नुसता धरलेला, दोघांना प्रायश्चित्त सारखेच का? एका संपादकांनी काशीला सर्वप्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, आणि तरी त्यांना सनातन्यांनी सुखाने जगू दिले नाही. खरी खळबळ उडाली 1892 मध्ये. सुधारकांचे पुढारी मानले जाणारे, पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाच्या खुर्चीवर बसणारे गृहस्थ प्रायश्चित्ताला तयार झाले. मित्रांच्या कुटुंबांची कुचंबणा पाहवेना, म्हणून हे केले, अशी त्यांची बाजू. तरुण सुधारकांना ती पटली नाही : ज्यांच्याकडे बघून आम्ही उभे राहिलो तेच वाकले! दोन्ही बाजू शंभरदा वाचल्या तरी मला निवाडा करवत नाही. इतके मात्र दिसते की संमतिवयाच्या कायद्यावरून, म्हणजे 1891 मध्ये शरीरसंबंधाला संमतीचे मुलींचे वय 10 वरून 12 करण्यावरून, हीच माणसे चहाचे प्रकरण पेटले त्याच सुमारास एकमेकांवर तुटून पडत होती. चहाचा कप त्या लढाईत आयताच हाताला लागलेला दगड होता.

पुढच्याच वर्षी, 1893 मध्ये, इथल्या एका गणिताच्या प्राध्यापकांनी विधवेशी लग्न केले. पुण्यात निभावले, कोकणातल्या गावाने मात्र वाळीत टाकले. तीन वर्षांनी त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तो पुढे हिंगण्याला गेला, आणि आज त्या परिसराला त्यांचेच नाव आहे.

मधला बराच काळ वेगाने ओलांडता येतो. 1949 मध्ये मुंबई प्रांताने बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मताने रद्द केला. धर्मसंप्रदायाला आपल्या धर्माच्या बाबी स्वतः चालवण्याचा हक्क आहे, हा आधार. म्हणजे 1827 चेच ‘आम्ही यात पडणार नाही’, पण आता मूलभूत हक्काच्या भाषेत. हा निकाल पुन्हा तपासावा का, हा प्रश्न फेब्रुवारी 2023 मध्ये 9 न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

नवा कायदा आला तो दुसऱ्या वाटेने. 2013 मध्ये नाशिकला जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापाने खून केला आणि जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभी राहिली. त्याच वर्षी 20 ऑगस्टला, ती मोहीम चालवणाऱ्या चळवळीच्या नेत्याची पुण्यात ओंकारेश्वरजवळच्या पुलावर गोळ्या घालून हत्या झाली. विधेयक एप्रिल 2016 मध्ये मंजूर झाले, राष्ट्रपतींची संमती मिळायला आणखी वर्ष लागले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पंचायत नोंदणीकृत असो वा नसो, नाव काहीही असो, कायदा तिला पकडतो.

जानेवारी 2018 मध्ये पिंपरीत एका लग्नात, नववधूच्या कौमार्य चाचणीला विरोध करणाऱ्या त्याच समाजातल्या तरुणांना मारहाण झाली. नव्या कायद्याखालचा गुन्हा दखलपात्र आहे, पोलिसांना वॉरंटची वाट पाहावी लागत नाही. पण तक्रारीत नावे लिहायची ती आपल्याच चुलत्यांची, मामांची, आणि साक्षीदारही त्याच मांडवातले. शिवाय पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोड करता येते. वाकायचे आता पंचांनी, असे कागदावर आहे. तडजोडीची बैठक मात्र बहुधा समाजाच्याच सभागृहात भरते, आणि चहा कोण कोणाच्या हातचा घेतो याकडे सगळ्यांचे लक्ष असते.