कण स्वतःभोवती फिरतोय की किरणाभोवती? प्रकाशाचे दोन वेगळे पीळ

लेझरच्या चिमट्यात, म्हणजे बारीक एकवटलेल्या लेझर किरणात, पकडलेला कण फिरताना दिसला की लगेच म्हणतात "पिळाचा प्रकाश वापरलाय", म्हणजे वस्तूला फिरवू शकणारा प्रकाश, पण कुठला पीळ ते कुणी सांगत नाही आणि तिथेच घोळ होतो. शाळेत पृथ्वीचं परिवलन आणि परिभ्रमण शिकलो ना, तेच डोक्यात ठेवा.

पहिला पीळ पोलरायझेशनचा, म्हणजे प्रकाशाचं विद्युत क्षेत्र कुठल्या दिशेने डोलतं त्याचा. लेझरच्या वाटेत क्वार्टर वेव्ह प्लेट (पोलरायझेशन बदलणारी पातळ चकती) नीट कोनात लावली की प्रकाशाचं विद्युत क्षेत्र पुढे जाता जाता गोल फिरायला लागतं, किरण मात्र दिसायला होता तसाच, मधोमध लख्ख ठिपका. त्यात पोलरायझेशन बदलणाऱ्या कॅल्साइट स्फटिकाचा बारीक तुकडा पकडला तर तो जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरतो. साध्या काचेचा गोल मणी ठेवला तर नाही फिरत, कारण कणाने प्रकाश शोषला किंवा त्याचं पोलरायझेशन बदललं तरच पीळ कणाकडे जातो. रिचर्ड बेथ या भौतिकशास्त्रज्ञाने हे 1936 मध्येच मोजलं होतं, लेझर जन्मायच्या आधी, क्वार्ट्झच्या धाग्याला टांगलेल्या चकतीवर! मला हा प्रयोग अजूनही थक्क करतो.

दुसरा पीळ तरंगाच्या आकाराचा. इथे तरंग गोल जिन्यासारखा वळत पुढे जातो, अगदी मध्यावर प्रकाश एकमेकाला खोडून टाकतो म्हणून तिथे अंधार आणि भोवती बांगडीसारखं वलय. या किरणांचा हिशोब 1992 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला लेस ॲलन या भौतिकशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी मांडला. पहिल्या पिळात फोटॉनमागे, म्हणजे प्रकाशाच्या एका कणामागे, पिळाचं फार तर एक एकक मिळतं, इथे जिन्याला जितके पदर तितकी एककं, दोन घ्या नाहीतर वीस, काँप्युटरने चालणाऱ्या लिक्विड क्रिस्टल स्क्रीनवर होलोग्राम बदलला की झालं. वलयात अडकलेला काचेचा मणीसुद्धा मग किरणाच्या अक्षाला प्रदक्षिणा घालतो. 2002 मध्ये ग्लासगोच्या टीमने हा फरक वलयातल्या कणांवरच दाखवला, पहिल्या पिळाने कण स्वतःभोवती आणि दुसऱ्याने अक्षाभोवती.

पण पृथ्वीची उपमा वलयापुरतीच हं. कण बरोबर मध्यावर बसला आणि थोडा प्रकाश शोषत असला तर दोन्ही पीळ त्याला जागच्या जागीच फिरवतात. 1997 मध्ये टेफ्लॉनच्या कणावर हे करून बघितलं, एका पदराचा जिना आणि त्याच दिशेचं पोलरायझेशन दिलं तर कण जोरात फिरला, पोलरायझेशन उलटं केलं तर चक्क थांबला.