भट्टी नसलेल्यांची मॅट: गाडीच्या पत्र्यावरील डॅम्पिंगची पार्श्वभूमी

गाडीच्या दाराचे अस्तर उतरवायचे, आतला पत्रा पुसून घ्यायचा आणि त्यावर चंदेरी पाठीची चिकट मॅट दाबून बसवायची, हा उद्योग आता इतका सर्रास झाला आहे की ही मॅट मुळात कशासाठी निघाली हे फारसे कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर तयार असते: आवाज अडवायला. ते उत्तर चुकीचे आहे, आणि या विषयावरचे निम्मे वाद त्या चुकीतूनच निघालेले आहेत.

मोकळ्या दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. टण्ण असा आवाज येतो आणि क्षणभर रेंगाळतो. आता दुसरा तळवा पत्र्यावर सपाट टेकवून पुन्हा ठोकावे. ठप्प, बस्स. तळव्याने आवाजाची वाट अडवलेली नसते. पत्र्याचे थरथरणे खाल्लेले असते; यालाच डॅम्पिंग म्हणतात. फरशीवर पडून झणझणणाऱ्या स्टीलच्या ताटावर बोट टेकवले की ते गप्प होते, तसेच. मॅट म्हणजे पत्र्यावर कायमचा टेकवून ठेवलेला तळवा.

सुरुवातीच्या मोटारींना तिची गरज नव्हती, कारण थरथरायला पत्राच कमी होता. लाकडी सांगाडा, लाकडी तळ, वर कापड किंवा कातडे. आणि लाकूड स्वतःच बरीच कंपने जिरवते. १९१० नंतरच्या दशकात संपूर्ण पोलादी बॉडी आली. १९३० च्या दशकात चासी (खालची चौकट) आणि बॉडी एकजीव असलेल्या गाड्या युरोपात मोठ्या संख्येने निघू लागल्या. अशा गाडीत इंजिन आणि चाकांची कंपने मधल्या कुठल्याही चौकटीवर न थबकता थेट जमिनीच्या आणि छताच्या पत्र्यात शिरतात. गाडी हलकी झाली, स्वस्त झाली आणि डब्यासारखी वाजू लागली. मग डांबरात भिजवलेले नमदे तळाला चिकटवणे सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर गाडीच्या पोटाला डांबराचा जाड लेप फवारून ‘गंज नाही आणि आवाजही नाही’ असे दुहेरी आश्वासन विकले गेले. त्यांपैकी काही लेपांत ॲस्बेस्टॉस होते, म्हणून जुन्या गाड्यांचा तळ खरवडताना आजही जपावे लागते.

कारखान्यांनी मात्र एक साधी आणि हुशार पद्धत बसवली, आणि पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. रंगकामाच्या ओळीत बॉडी भट्टीतून जातेच. तळाच्या गंजरोधक थराला पक्के व्हायला साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस लागतात. तेव्हा भट्टीत जाण्याआधी गाडीच्या तळावर डांबर आणि खनिज भुकटीच्या कापलेल्या चादरी नुसत्या मांडून ठेवायच्या. भट्टीत त्या मऊ होतात, पत्र्याच्या वळ्यांत, खोबणींत ओघळून बसतात आणि थंड झाल्यावर पत्र्याशी एकरूप होतात. गोंद नको, दाबायला माणूस नको. जुन्या गाडीची कार्पेट उचलल्यावर खाली दिसणारे काळे, कडक, कडेला तडकलेले चौकोन ते हेच. अडचण उभ्या पत्र्याची होती. दारावर मांडलेली चादर भट्टीत खाली घसरणार. म्हणून दारासाठी आणि छतासाठी चुंबकीय भुकटी भरलेल्या किंवा आधीच गोंद लावलेल्या चादरी वेगळ्या काढाव्या लागल्या.

पण भट्टी कारखान्याकडे असते. गाडी विकत घेतलेल्याकडे नसते, आणि गाडीत आसने, वायरी, प्लॅस्टिक बसल्यावर ती असून उपयोगही नसतो. स्वतः चिकटणारी मॅट ही या अडचणीवरची तोड आहे. तिचे तीन भाग मात्र तीन वेगळ्या घरांतून आले.

पहिला भाग चिकटपणा. दाब दिला की चिकटते अशी कागदी पट्टी १९२५ मध्ये निघाली ती योगायोगाने गाड्यांच्याच रंगशाळेतून. दोन रंगांच्या गाड्यांची तेव्हा टूम होती आणि दोन रंगांमधली रेघ स्वच्छ ठेवायला कारागिरांना काहीतरी हवे होते. दुसरा भाग ब्युटाइल रबर. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले: बहुतांश आयसोब्युटिलीन, आणि व्हल्कनायझेशन (गंधकासारख्या द्रव्याने रबर पक्के करणे) जमावे इतपत थोडेसे आयसोप्रीन. हवा धरून ठेवते म्हणून ते आधी टायरच्या ट्यूबमध्ये गेले. त्याचा दुसरा गुण असा की ते आळशी आहे. नैसर्गिक रबराचा चेंडू उसळतो, ब्युटाइलचा नेहमीच्या तापमानाला जवळपास मेल्यासारखा पडतो. उसळीची ऊर्जा आतल्या आत उष्णता होऊन जाते. ट्यूबसाठी हा अवगुण. कंपने जिरवण्यासाठी याहून चांगले काय हवे?

तिसरा भाग वरची फॉइल, आणि तिच्याबद्दलच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ती उष्णता परतवण्यासाठी आहे असे पुष्कळजण धरून चालतात. पण अस्तराआड, कार्पेटखाली दडलेली फॉइल कोणाची उष्णता परतवणार? पत्र्यावर नुसता मऊ थर लावला तर पत्रा वाकताना तो थर ताणला-आकसला जातो आणि थोडी ऊर्जा खातो. डांबरी चादर याच तत्त्वावर चालते, म्हणून तिला जाडी लागते. पण त्या मऊ थरावर पुन्हा एक न ताणणारे पातळ आवरण घट्ट बसवले, तर पत्रा एकीकडे सरकायला बघतो, आवरण त्याला साथ देत नाही आणि मधल्या थराची कात्रीत सापडल्यासारखी ओढाताण होते. ऊर्जा खाण्याचे काम या ओढाताणीत कितीतरी अधिक होते. ही कल्पना १९३९ च्या एका ब्रिटिश पेटंटात आहे. नुसत्या थराचे गणित १९५२ मध्ये एका जर्मन संशोधकाने मांडले, आवरणबंद थराचे १९५९ मध्ये अमेरिकेत मांडले गेले. जेट विमानांच्या पत्र्याला इंजिनांच्या गर्जनेने तडे जाऊ नयेत म्हणून अशा फॉइलच्या पट्ट्या गाड्यांच्या हौशी जगापेक्षा खूप आधी वापरात होत्या.

थोडक्यात, फॉइल सोलून काढली तर मॅट निम्मी मेली. आणि फॉइल आहे पण सुरकुतलेली, खाली हवेचे फुगे, तर तिथेही ती कामाची नाही. रोलर घट्ट फिरवायला सांगतात तो याचसाठी. बऱ्याच मॅटच्या फॉइलवर चौकटींचा उठाव असतो. रोलर दाबत नेला की तो उठाव सपाट होत जातो. उठाव अजून दिसतो म्हणजे ती जागा दाबायची राहिली. हिटगनने मॅट जरा कोमट केली तर पत्र्याच्या वळणात नीट बसते, आणि आधी पत्र्यावरचे मेण-तेल स्पिरिटने पुसले नसेल तर कितीही दाबा, कोपरे सुटतातच.

१९८० च्या दशकात गाडीत मोठे ॲम्प्लिफायर आणि वूफर आले आणि या मॅटला खरे गिऱ्हाईक मिळाले. दारात बसवलेल्या स्पीकरला दार हीच पेटी असते, आणि ही पेटी म्हणजे भोके पाडलेला, वाजणारा पत्रा. वूफरचा ठोका पडला की डिकीचे झाकण घरघरते, नंबरप्लेट खडखडते. ही मंडळी रस्त्याचा आवाज कमी करायला नव्हे, गाणे स्वच्छ ऐकू यावे म्हणून मॅट लावत होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. मागणी वाढली तसे पर्यायही निघाले. छपराच्या फटी बुजवायची, फॉइल लावलेली डांबरी पट्टी दिसायला हुबेहूब, वजनालाही तशीच. हिवाळ्यात ती ठीक बसायची. उन्हात उभ्या गाडीचे छत तापले की डांबर ओघळायचे, अस्तरावर काळे डाग उतरायचे आणि वास आठवडेच्या आठवडे जायचा नाही. ‘ब्युटाइल की डांबर’ हे भांडण तिथून सुरू झाले. ते अजून चालू असले तरी त्यात आता दम नाही: डांबर भट्टीसाठी ठीक, चिकटवण्यासाठी ब्युटाइल.

दुसरे भांडण मात्र जिवंत आहे, आणि त्याचे मूळ नावात आहे. या कामाला ‘साउंडप्रूफिंग’ हे नाव पडले तिथेच घोळ झाला. मराठीत ध्वनिरोधक, ध्वनिशोषक आणि अवमंदक असे तीन वेगळे शब्द आहेत, पण दुकानाच्या पाटीवर तिघांचे मिळून एकच होते. (इंग्रजीतही गंमत अशीच. डॅम्पिंग म्हणजे कंपने मंदावणे आणि डॅम्पनिंग म्हणजे मुख्यतः ओलसर करणे. विक्रीच्या भाषेत दोन्ही बेधडक एकमेकांच्या जागी येतात.) ध्वनिरोधक म्हणजे भिंत. तिला वजन हवे आणि फट नको. ध्वनिशोषक म्हणजे फोम किंवा नमदा, हवेतली लहर आपल्या छिद्रांत जिरवणारा. अवमंदक म्हणजे ही मॅट, आणि तिचे गिऱ्हाईक फक्त थरथरणारा पत्रा.

नाव ‘प्रूफ’ असले की मनात भिंत उभी राहते, आणि भिंतीला भोक ठेवून कसे चालेल? म्हणून शंभर टक्के पत्रा झाका, असे एक पंथ सांगतो. दुसरा म्हणतो, पाव भाग पुरे. गणित करून पाहू. ०.८ मिमी जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ६.३ किलो. दोन मिमीची मॅट त्यावर सुमारे ३ किलो घालते. वजन दुप्पट झाले तर भिंत म्हणून ६ डेसिबल मिळतात असा ढोबळ नियम आहे. इथे वजन दीडपट होते, म्हणजे हाती येतात साडेतीनच्या आसपास. तेही काच, रबर आणि फटींतून येणारा आवाज मोजला नाही तर. उलट पत्र्याच्या मधोमध, जिथे तो सर्वांत जास्त फुगतो-खचतो, तिथे एक तुकडा लावला तर टण्ण लगेच ठप्प होते. दुसरा तुकडा त्याहून कमी फरक पाडतो, तिसरा आणखी कमी. दहा चौरस मीटर झाकले तर गाडीत ३० किलो वाढतात, आणि त्यांतले बरेचसे किलो फक्त प्रवासाला येतात.

हे लिहिणारा पाव-भागवाल्यांच्या बाजूचा आहे, हे वाचकाने ओळखले असेलच. शंभर टक्केवाल्यांना फरक जाणवतो तोही खोटा नव्हे. पण तो बहुधा दाराच्या आतल्या पत्र्याची भोके बंद झाल्याचा असतो: स्पीकरची पेटी हवाबंद होते आणि बाहेरच्या आवाजाची एक वाट बुजते. त्याची किंमतही आहे. दाराच्या बाहेरच्या पत्र्याच्या तळाशी पाणी निथळायची भोके असतात. मॅटने ती झाकली तर पावसाचे पाणी आत साचून दार आतून गंजते. शिवाय काही गाड्यांत बाजूने धडक बसली हे ओळखायला दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. ती पोकळी उगाच बंद-उघडी करण्याची जागा नव्हे.

मॅटच्या पाकिटावरचे आकडे वाचतानाही हाच घोळ आडवा येतो. अवमंदनाचा गुणांक मोजतात तो पोलादाच्या अरुंद पट्टीवर तुकडा चिकटवून, बहुधा २०० हर्ट्झ आणि २० अंशांना. नुसत्या पट्टीचा गुणांक हजारात एकाच्या आसपास किंवा खाली असतो, चांगल्या मॅटने तो ०.१ च्या पुढे, कधी ०.३ पर्यंत जातो. हा आकडा पत्रा किती लवकर गप्प होतो एवढेच सांगतो. आत किती शांतता होईल ते त्यात नाही. आणि २० अंशांना पहिली आलेली मॅट ५० अंशांना मागे पडू शकते, कारण हे सगळे रबर-डांबर तापमानाप्रमाणे स्वभाव बदलते.

दरम्यान कारखाने चादरींपासून दूर जाऊ लागले आहेत. पाण्यावर आधारलेले ॲक्रिलिक लेप रोबोट हव्या तेवढ्याच जागी फवारतो आणि ते त्याच भट्टीत सुकतात. कुठला पत्रा किती थरथरतो याचा नकाशा लेसरने काढून मग लेपाची जागा ठरते. काही भागांना दोन पातळ पत्र्यांमध्ये चिकट थर भरलेला पोलादच वापरतात. मॅट पत्र्याच्या पोटातच शिरली म्हणायची. म्हणजे कारखान्याने पाव-भागाचा निकाल आपल्यापुरता केव्हाच लावला आहे.

विजेच्या गाड्यांनी प्रश्नाचे तोंड फिरवले. इंजिनाची घरघर हा एक पडदाच होता. तो गेला आणि टायर, वारा, आतल्या प्लॅस्टिकची किरकिर उघडी पडली. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या विजेच्या गाड्यांना हळू चालताना बाहेर मुद्दाम आवाज काढणे सक्तीचे झाले, आणि त्याच गाड्यांचे मालक आतला आवाज घटवायला चाकांच्या कमानींवर मॅट थापत आहेत. कमानीवर खडी आपटून होणारी टणटण त्याने खरेच कमी होते. पण टायरच्या पोकळीतली हवा स्वतःच २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास गुंजते, आणि ती गुंज चाकाच्या आसातून बॉडीत शिरते. कमानीवर कितीही थर चढवले तरी ती फारशी हलत नाही. तिच्यावर चालणारी फोमची पट्टी टायरच्या आत, ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागाच्या) पाठीला चिकटवलेली असते.